मिआटा घेऊ की जीआर८६?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला. वय ३९, उंची पाच फूट आठ इंच. गाडी शिकलो ती वडिलांच्या मारुती ८०० वर, यवतेश्वरच्या घाटात. इथे आल्यापासून कॅमरी आणि सिएना, दोन्ही ऑटोमॅटिक. आता कॅमरी काढतोय आणि चाळिशीच्या आत एकदा तरी मनासारखी, क्लचची गाडी घ्यायची आहे. यादी गाळत गाळत दोनवर आलो : माझदाची छत उघडणारी एमएक्स-५ मिआटा आणि टोयोटाची जीआर८६. दोन्ही नव्या, दोन्ही बजेटात.

ऑफिस ब्रिजवॉटरला. रोज २८७ नंबरच्या हायवेवरून, एका बाजूने साधारण २० मैल, गर्दी असली तर पाऊण तास. सकाळी त्याच वेळात पुण्याच्या टीमशी फोनवर मीटिंग असते. बायको हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. मंगळवारी आणि गुरुवारी तिची बारा तासांची ड्यूटी, तेव्हा सिएना तिच्याकडे. त्या दोन दिवशी आमच्या सात वर्षांच्या मुलीला क्लासमधून मीच घरी आणतो. बायकोला क्लच येत नाही आणि शिकायची तिला हौसही नाही.

माझ्या शंका अशा : मिआटाचे १८१ हॉर्सपॉवर कमी पडतील का? वळणावर ती फार झुकते असं सगळ्या व्हिडिओंत सांगतात, ते खरं का? बर्फात काय करायचं? आणि रोजच्याला कुठली, मजेला कुठली?
— अ. दे., एडिसन

उत्तर : तुम्ही चार शंका विचारल्यात, पण निकाल लागतो तो तुम्ही जाता जाता लिहिलेल्या मंगळवार-गुरुवारच्या ओळीवर. तिथे येतेच. आधी हॉर्सपॉवरचं मिटवून टाकते, नाहीतर पुढचं तुमच्या डोक्यात शिरायचं नाही.

मिआटात दोन लिटरचं इंजिन, १८१ हॉर्सपॉवर. जीआर८६ मध्ये २.४ लिटरचं, सुबारूचं आडव्या सिलिंडरचं इंजिन, २२८ हॉर्सपॉवर. कागदावर ४७ चा फरक. आता वजन बघा. मिआटा भरते सुमारे १०६० किलो आणि जीआर८६ सुमारे १२७५. भागाकार केलात की टनामागे एकीला १७० च्या आसपास आणि दुसरीला १८० च्या आत हॉर्सपॉवर मिळतात. म्हणजे ज्या फरकासाठी तुमची झोप उडाली आहे तो वजनानेच बहुतेक खाऊन टाकला. दुसरं म्हणजे, दोन्ही गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत ओढल्या, इंजिनाच्या मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत, तर काटा ६० मैलांच्या पुढे जातो. न्यू जर्सीत कायद्याने जास्तीत जास्त ६५. उरलेले चार गिअर तुम्ही कुठे वापरणार आहात, ते पोलिसांना सांगू नका म्हणजे झालं.

फरक जाणवतो तो दुसरीकडे. जीआर८६ चा जोर, म्हणजे टॉर्क, ३७०० फेऱ्यांनाच पूर्ण मिळतो, १८४ पौंड-फूट. हिच्या आधीच्या पिढीची, २०१३ पासून सायन एफआर-एस या नावाने विकली गेलेली गाडी साडेतीन ते साडेचार हजारांच्या मध्ये दम गेल्यासारखी करायची. नेमकं हायवेवर शिरताना. ते दुखणं आता राहिलेलं नाही. २८७ च्या रॅम्पवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबलात की ती निघते, गिअर उतरवायची घाई नाही. मिआटाला अशा वेळी एक गिअर खाली आणावं लागतं. पण खरं सांगू का, मिआटात गिअर खाली आणायला निमित्तच हवं असतं. लिव्हरची हालचाल इतकी आखूड की मनगट फिरलं की काम झालं, आणि क्लच असा हलका की गर्दीत पिंढरीला कळतही नाही. सहावा गिअर तर सरळ एकास एक आहे. हायवेसाठी इंजिन अगदी झोपवून टाकणारा लांबलचक गिअर माझदाने दिलाच नाही. ७० मैलांना इंजिन २८०० च्या आसपास फिरत राहतं, म्हणून सहाव्यातही गाडी जागी वाटते.

आता झुकण्याबद्दल. माझी सगळी नोकरी मिशिगनमध्ये सस्पेन्शनच्या कामात गेली, त्यामुळे इथे जरा थांबते.

व्हिडिओवाले सांगतात ते खरं आहे. मिआटा झुकते. स्प्रिंग मऊ आहेत, वळणात बाहेरच्या बाजूला गाडी टेकते आणि मगच वळण धरते. ज्यांना वेळ मोजायची आहे त्यांना हे आवडत नाही. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांना त्यातून बातमी मिळते : टायरवर किती भार आलाय, अजून किती शिल्लक आहे. ताठ गाडी ही बातमी ७० मैलांना देते, मिआटा ३५ ला देते. आणि २०२२ पासून माझदाने एक बारीकशी युक्ती केली आहे. वळणात मागच्या दोन चाकांच्या वेगात फरक पडतो. तो जास्त झाला की गाडी आपणहून आतल्या मागच्या चाकाला अगदी किंचित ब्रेक लावते. मागच्या सस्पेन्शनची भूमितीच अशी आहे की त्या चाकाला ब्रेक लागला की गाडीचा तो कोपरा खाली ओढला जातो. उचलू पाहणारी आतली बाजू बसते, झुकणं कमी होतं, आणि त्यासाठी एक ग्रॅमही नवा भाग लावलेला नाही, सगळं काम आधीपासून असलेल्या ब्रेकचं आणि संगणकाचं. चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. आम्हा सस्पेन्शनवाल्यांना अशा गोष्टी बघितल्या की जेवण गोड लागतं.

तुम्ही यवतेश्वरचा घाट आठवलात म्हणून सांगते. तुमच्या वडिलांची मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपासची, चाळिशीच्या आतल्या हॉर्सपॉवरची. तरी त्या घाटात ती पळते आहे असं वाटायचं, कारण ती हलकी होती, टायर बारीक होते आणि काय चाललंय ते सगळं तुमच्यापर्यंत पोहोचत होतं. तीच चव आज नव्या गाडीत हवी असेल तर मिआटाइतकी जवळ दुसरी कोणी जात नाही. माझ्या गॅरेजमध्ये एक पहिल्या पिढीची मिआटा आहे, झाकणं उघडून वर येणाऱ्या दिव्यांची. नोव्हेंबरात मिशिगनच्या रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की ती कव्हराखाली जाते आणि मी एप्रिलची वाट बघते. तेव्हा माझं मन कुठल्या बाजूला आहे ते तुम्हाला कळलं असेल.

तरीही तुम्हाला मी मिआटा घ्या म्हणणार नाही.

कारण ती ओळ. मंगळवार, गुरुवार, सात वर्षांची मुलगी. मिआटात दोनच सीट. मुलगी बसणार ती पुढे, एअरबॅगसमोर. न्यू जर्सीचा कायदा म्हणतो की आठ वर्षांच्या आतलं आणि ५७ इंचांहून कमी उंचीचं मूल मागच्या सीटवर, बूस्टरमध्ये (मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीत) किंवा चाइल्ड सीटमध्ये बसलं पाहिजे. मागे सीटच नसलेल्या गाडीला कायदा सवलत देतो, म्हणजे दंड होणार नाही. पण बारा वर्षांपर्यंतची मुलं मागेच बसवा असं इथले सरकारी आरोग्यवाले आणि रस्तासुरक्षावाले दोघेही सांगतात, आणि अपघातात एअरबॅग सवलत देत नाही. दर आठवड्याला दोनदा, संध्याकाळच्या गर्दीत, हिवाळ्यात अंधार पडल्यावर? मी असते तर हे केलं नसतं.

यावर तुम्ही म्हणाल, त्या दोन दिवशी गाड्या बदलू. उत्तम तोडगा आहे, फक्त तुमच्या बायकोला क्लच यायला हवा. ‘शिकायची हौस नाही’ हे तिने सांगितलं की तुम्ही ठरवून टाकलंत? एकदा विचारा. बारा तास उभं राहून घरी येताना तिला एखाद्या संध्याकाळी छत उघडून यावंसं वाटणारच नाही, असं काही नाही. ती हो म्हणाली तर माझं उत्तर इथल्या इथे फिरतं : मिआटा घ्या, त्या दोन दिवशी सिएना तुमच्याकडे ठेवा आणि मला कळवा. पण पत्रात आहे ते खरं धरून चालायचं तर तुमची गाडी जीआर८६.

तिची मागची सीट म्हणजे काय ते आधी समजून घ्या, नाहीतर मला शिव्या घालाल. मोठ्या माणसासाठी ती नाहीच. डोक्यावर काच उतरती येते आणि पुढची सीट मागे असेल तर पाय ठेवायला जागा उरत नाही. सात वर्षांची मुलगी बूस्टरवर, पुढच्या पॅसेंजर सीटच्या मागे, ती सीट चांगली पुढे सरकवून, ठीक बसते. तुमच्या मागे नको, तिथे तुमचीच सीट आडवी येईल. दारं दोनच आणि लांब, त्यामुळे क्लासच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी चिकटून लावलेली असली की दार अर्धवटच उघडतं आणि मुलीला आत शिरवताना तुमची कंबर बोलते. म्हणून शोरूममध्ये जाताना मुलीला आणि तिच्या बूस्टरला बरोबर न्या. सेल्समन हसला तर हसू दे. तिला बसवून, पट्टा लावून, पुन्हा उतरवून बघा. अर्ध्या तासात जे कळेल ते शंभर व्हिडिओंत कळणार नाही. ती अजून चार-पाच वर्षांत पुढे बसण्याइतकी मोठी होईल. मागच्या सीटची गरज तेवढ्यापुरतीच आहे, पण ती गरज आत्ताची आहे.

मुलगी सोडली तरी तुमच्या रोजच्याला जीआर८६ जरा बरी. सकाळची पुण्याची मीटिंग घ्या. कापडी छताच्या मिआटात ६५-७० ला वाऱ्याचा आणि शेजारच्या ट्रकच्या टायरांचा आवाज आत येतो. बसता इतकं खाली की ट्रकच्या चाकाच्या नटांशीच नजरानजर होते. हिंजवडीतून कुणी तरी ‘सर, आवाज येत नाहीये’ म्हणणार आणि तुम्ही सगळ्या मीटिंगभर म्यूटवर. जीआर८६ काही शांत गाडी नाही, टायरची घरघर तिच्यातही भरपूर आहे. शिवाय टोयोटाने इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडायची सोय केली आहे. मला हा प्रकार नाटकीच वाटतो. पण डोक्यावर पत्रा आहे, फोनवर बोलता येतं.

सामानाचं म्हणाल तर मिआटाची डिकी १३० लिटरची, जीआर८६ ची सुमारे १७७. कागदावर दोन्ही केविलवाण्या. फरक असा की जीआर८६ ची मागची पाठ आडवी होते आणि मग टायर लावलेली चार चाकंसुद्धा आत मावतात, टोयोटाने गाडी त्याच हिशोबाने काढली आहे. ओक ट्री रोडवरून महिन्याचा किराणा, वीस पौंडांची तांदळाची पिशवी धरून, सहज येतो. मिआटात पुढे साधा ग्लव्ह बॉक्ससुद्धा नाही! विम्याचे कागद कुठे ठेवायचे तर दोन सीटच्या मधे, मागच्या भिंतीत एक कुलपी कप्पा आहे, त्यात. पोलिसाने थांबवलं की वळून, पाठीमागे हात घालून ते काढायचे. कपहोल्डरही कोपराच्या मागे. चहाचा मग घेऊन निघायची सवय असेल तर ती मोडावी लागेल.

पेट्रोलच्या हिशोबात मात्र मिआटा जिंकते, आणि चांगल्या फरकाने. सरकारी आकड्यांनुसार मॅन्युअल मिआटा सरासरी २९ मैल देते, मॅन्युअल जीआर८६ २२. वर्षाला दहा हजार मैल धरले तर सुमारे ११० गॅलनचा फरक. प्रिमियम पेट्रोल चार डॉलर धरलं तर वर्षाला साडेचारशे डॉलरच्या आत-बाहेर. मुलीच्या मागच्या सीटचं भाडं समजा.

हो, ऑटोमॅटिक जीआर८६ घेतली तर बायकोही चालवेल आणि मायलेजही थोडं सुधारेल, हा विचार डोक्यात येईल. येऊ देऊ नका. मग कॅमरी काय वाईट होती?

आता कुठली जीआर८६. इथे बहुतेक लोक जास्त पैसे देऊन प्रिमियम नावाचं वरचं मॉडेल घेतात. तुम्ही साधी घ्या. प्रिमियमला १८ इंची चाकं आणि मिशलिनचे पायलट स्पोर्ट ४ टायर येतात. ट्रॅकवर फार छान, पण त्यांची पकड इतकी की रस्त्यावर गाडी काही बोलेपर्यंत तुम्ही लायसन्स घालवण्याच्या वेगाला पोहोचलेले असता. साधीला १७ इंची चाकं आणि त्याच कंपनीचे प्रायमसी, शांत स्वभावाचे टायर. पकड कमी, म्हणून गाडी लवकर हालचाल करायला लागते आणि ४० मैलांतही हाताला काम मिळतं. मिआटाची जी चव मी वर सांगितली ती या गाडीत आणायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कमी पकडीचे टायर, आणि तो टोयोटा कमी पैशांत देते आहे. शिवाय १७ इंची टायरची भिंत ९७ मिलिमीटर आहे, १८ इंचीची ८६. एप्रिलमध्ये, बर्फ वितळून गेल्यावर, २८७ वर जे खड्डे वर येतात त्यांच्यासाठी हे ११ मिलिमीटर सोन्याच्या मोलाचे. गरम होणाऱ्या सीट मिळणार नाहीत, जाकीट घाला.

बर्फाचं उत्तर यातच येतं. दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालतात आणि दोन्हींबरोबर येणारे टायर उन्हाळी. पारा सात अंश सेल्सिअसच्या खाली गेला की हे रबर कडक होतं, बर्फ पडायचीही गरज नाही, कोरड्या रस्त्यावरही ब्रेकला अंतर वाढतं. थँक्सगिव्हिंगला हिवाळी टायर चढवायचे, मार्चअखेर उतरवायचे. वेगळ्या रिमवर बसवून ठेवा, म्हणजे दर वेळी टायर काढा-घालायचा खर्च नाही. इथे १७ इंची पुन्हा स्वस्त पडतात. मागच्या चाकांची गाडी बर्फात चालत नाही हे खरं नाही, चुकीच्या टायरवर कुठलीच चालत नाही. खूप बर्फ पडेल त्या दिवशी मात्र घरून काम करा, कारण गाडीचं पोट जमिनीच्या फार जवळ आहे. आणि हिवाळाभर खालून धुवत राहा, मीठ कुणाला सोडत नाही.

जीआर८६ ची एक जुळी बहीण आहे, सुबारू बीआरझेड. दोघी जपानात, गुनमा प्रांतातल्या ओता इथल्या सुबारूच्याच कारखान्यात बनतात. फरक मुख्यतः सस्पेन्शनच्या जुळणीत : टोयोटाने पुढचं मऊ आणि मागचं ताठ ठेवलं, म्हणून तिची शेपूट जरा लवकर हलते. सुबारूची मागची बाजू शांत. ओल्या रस्त्याची भीती वाटत असेल तर तीही चालवून बघा. डीलर छापील किमतीवर ‘मार्केट ॲडजस्टमेंट’ म्हणून दोन-चार हजार चढवायला लागला तर नमस्कार करून उठा. पेनसिल्व्हेनिया लांब नाही.

शेवटची शंका मजेची. टेस्ट ड्राइव्हला डीलर गल्लीतून एक चक्कर मारून आणेल, तेवढ्यावर मानू नका. हायवेवर न्या आणि तिथून बायकोला फोन लावून तिला तुमचं बोलणं ऐकू येतंय का बघा. गाडी घेतल्यावर पहिल्या रविवारी लॅम्बर्टव्हिलपासून फ्रेंचटाउनपर्यंत रूट २९ ने जा, डेलावेअर नदीच्या काठाकाठाने. सकाळी लवकर, सायकलवाले निघायच्या आत. वेग वाढवायचा रस्ता नाही तो, गिअर बदलायचा आहे. थोडं लांब जायची तयारी असेल तर न्यूयॉर्कच्या हद्दीत, पोर्ट जर्व्हिसच्या पुढे रूट ९७ वर हॉक्स नेस्टची वळणं आहेत. नदीच्या वर, कड्याला चिकटून, दगडी कठड्यांची. यवतेश्वरवाल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि नवी जीआर८६ घेणाऱ्याला टोयोटा ‘नासा’चं वर्षभराचं सदस्यत्व आणि ट्रॅकवरचा एक दिवस देते. रॉकेटवाली नासा नव्हे, ही नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. इन्स्ट्रक्टर शेजारी बसून शिकवतो. तो दिवस कागदपत्रांच्या गठ्ठ्यात विसरू नका. मिलव्हिलला न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क आहे, तुमच्यापासून दोन तासांच्या आतबाहेर. गाडीच्या त्या उरलेल्या चार गिअरांची सोय तिथे होते.

प्रश्न : ताई, मी पुण्यात, कोथरूडला राहतो, वय २६. मिआटा आणि जीआर८६ चे व्हिडिओ बघून जीव जळतो, त्या इथे मिळत नाहीत. माझ्या बजेटात जुनी पोलो जीटी टीएसआय किंवा ह्युंदाईची आय२० एन लाइन बसते. आठवडाभर ऑफिस, रविवारी ताम्हिणी. कुठली घेऊ?
— स. ज., पुणे

उत्तर : आधी ‘जीटी’च्या पाटीचा मोह सोड. जुन्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटर टर्बो आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा, कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स. मोकळ्या रस्त्यावर झकास, पण कर्वे रोडला संध्याकाळी मुंगीच्या पावलाने सरकताना तो क्लच तापतो आणि बिघडला की बिल मोठं येतं. आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली हे तुला कळणार नाही. २०२० नंतरची एक लिटर टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल पोलो मिळते का बघ. ११० पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), पाटी नसली तरी चालेल. चाकणला बनलेली ही गाडी २०२२ मध्ये बंद झाली. म्हणून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास हातात असल्याशिवाय टोकन देऊ नकोस.

एन लाइन घेणार असशील तर २०२३ च्या शेवटानंतरची घे. त्याआधी ती क्लचचं पेडल नसलेल्या आयएमटी गिअरबॉक्सबरोबर यायची, नंतर खरा सहा गिअरचा मॅन्युअल आला. १२० पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि वॉरंटी. स्टिअरिंगला पोलोचं वजन नाही, घाटात ते जाणवेल. तरी तुझ्या वयाला, एकुलती एक गाडी असताना, मी वॉरंटीच्या बाजूने कौल देते. पावसाळ्यात ताम्हिणीला रविवारी जाऊ नकोस. धबधब्यापाशी उभ्या गाड्यांच्या रांगेत क्लच जाळशील, शनिवारी पहाटे निघ.

प्रश्न : नमस्कार. मिआटा घ्यायचं नक्की केलंय. कापडी छताची की आरएफ, पत्र्याच्या छताची? आम्ही मिसिसागाला राहतो.
— मे. कु., ओंटारियो

उत्तर : कापडी. आरएफचं छत बटणाने तेराएक सेकंदांत दुमडतं, दिसतंही सुंदर, पण मागचे दोन खांब जागेवरच राहतात. लेन बदलताना ते आड येतात आणि छत उघडल्यावर वारा त्यांच्यावर आपटून घोंघावतो. वजनही पन्नासेक किलोने वाढतं. कापडी छत सिग्नलला बसल्या बसल्या एका हाताने मागे टाकता येतं. थंडीची काळजी नको, हीटर जोरदार आहे आणि मागची काच खरी, तारांनी गरम होणारी आहे. छतावरचा बर्फ मऊ ब्रशने झाडायचा, खरवडायची पट्टी कापडाला लावायची नाही आणि ओलं छत दुमडून ठेवायचं नाही. हिवाळी टायर लावलेत की विमा कंपनीकडे सूट मागा. ओंटारियोत २०१६ पासून ती त्यांना द्यावीच लागते, पण आपणहून कुणी आठवण करत नाही.